आधीचं सिझर, खाली आलेली वार

नांदेड, लातूर, परभणी, हिंगोलीहून आलेले डॉक्टर बंधू-भगिनी, सिस्टर आणि आशाताई,

परिषदा नांदेडला व्हायच्या आणि आम्ही जायचं, हीच आजवरची रीत. आज नांदेड आमच्या अर्धापुराच्या दारी आलं. हार-तुरे मुद्दाम टाळलेत. प्रत्येकाच्या पिशवीत इसापूरच्या पाण्यावर पिकलेली केळी आहेत, तेवढी गोड मानून घ्या.

आजचा विषय आहे न सुटणारी वार आणि तिचं बाळंतपणाआधीच होणारं निदान. बाळ झालं की वार आपोआप सुटते. पण सिझरच्या जुन्या व्रणावर ती रुजली तर सुटत नाही. कधी लघवीच्या पिशवीपर्यंत शिरते. ओढायला गेलं की रक्त थांबत नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात, वार खाली असलेल्या बायकांपैकी आधी सिझर नसलेल्यांत सुमारे ३ टक्के, एक झालेल्यांत ११ आणि दोन झालेल्यांत ४० टक्के जणींची वार अशी चिकटलेली निघाली. आपल्या महाराष्ट्रात २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार चारातलं एक बाळंतपण सिझरने होतं. म्हणजे हा आजार पुस्तकातला राहिलेला नाही.

तो दिसतो कुठे? साध्या सोनोग्राफीत. वार आणि गर्भपिशवी यांच्यामधली काळी रेघ नाहीशी होते. मात्र प्रोब जोरात दाबला तरी ती नाहीशी होते, म्हणून हात हलका ठेवून पुन्हा बघायचं. वारेत वेड्यावाकड्या पोकळ्या पडतात, कसर लागलेल्या लुगड्यासारखी ती दिसते, आणि कलर डॉपलर लावला की त्यांत रक्त घुसळताना दिसतं. लघवीच्या पिशवीची पांढरी कड मधेच तुटते. ही कड दिसायला पिशवीत थोडी लघवी हवी. आपण मात्र सवयीने सांगतो, 'बाई, लघवीला जाऊन या', आणि पुरावाच घालवतो! वार खाली असताना खालून सोनोग्राफी करायला घरचे घाबरतात. काळजीपूर्वक केली तर ती सुरक्षित आहे, आणि व्रणाजवळचं तीच नीट दाखवते.

एमआरआय म्हणजे मोठी सोनोग्राफी, असा नातेवाइकांचा समज आहे. काही डॉक्टरांचाही आहे, रागावू नका. वार मागच्या बाजूला असेल, किंवा ती बाजूला किती पसरली हे ठरवायचं असेल, तेव्हा तो कामाचा. २८ ते ३२ आठवड्यांत, आणि रंगाचं इंजेक्शन न देता.

पण माझं खरं गाऱ्हाणं मशीनबद्दल नाही, कागदाबद्दल आहे. पहिलं बाळंतपण माहेरी. सिझरचं डिस्चार्ज कार्ड आईच्या पेटीत राहतं, आणि दुसऱ्या खेपेची सोनोग्राफी सासरी होते. चिठ्ठीवर दोनच शब्द असतात : 'सोनोग्राफी करावी'. रिपोर्टात 'वार खाली आहे' एवढंच येतं, आणि व्रणाकडे कोणी बघतच नाही. कंधार-मुखेडकडच्या कोयत्याच्या जोड्यांचं तर विचारूच नका. दिवाळीच्या आगेमागे त्या ऊसतोडीला जातात, आणि नेमके बघायचे आठवडे फडातच निघून जातात. आशाताई, जोडीतली बाई गाडीत बसण्याआधी 'आधीचं सिझर झालंय का' एवढं तुम्हीच विचारू शकता.

वेळेत कळलं तर विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तारीख ठरवून, साधारण ३४ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान शस्त्रक्रिया करता येते. रक्त, भूलतज्ज्ञ, मूत्रविकारतज्ज्ञ आधीच सांगून ठेवता येतात. तीच बाई रात्री दोनला रक्तबंबाळ पोचली तर रक्तपेढीच्या दारापासून सुरुवात.

एक खुलासा. इथे प्रत्यक्ष पेशंटवर प्रात्यक्षिक होणार नाही. मशीन नोंदणीच्या पत्त्यावरून हलवायचं नाही, असा लिंगनिदानविरोधी कायद्याचा नियम आहे. लिंगनिदानाविरुद्ध १९८८ साली देशात पहिला कायदा आपल्याच राज्याने केला, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. नावं झाकलेल्या चित्रफिती दाखवू.

बाहेरच्या टेबलावर रेफर चिठ्ठीचा नमुना ठेवला आहे. त्यात आधीची सिझर किती, वार कुठे, काळी रेघ दिसते का, रक्तगट कोणता, एवढेच रकाने आहेत. नांदेडकरांनी त्यावर लाल पेन चालवावा. जेवणाच्या सुट्टीपर्यंत दुरुस्त्या मिळाल्या, तर संध्याकाळी छापील चिठ्ठ्या घेऊनच सगळे घरी जातील.