पत्रिकेच्या आधी रक्त पाहा
(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापन दिनाला आरोग्यावर दोन शब्द बोला, असं संयोजकांनी सांगितलं. आम्ही डॉक्टर नाही. आम्ही गिरणीत उभं राहून जन्म काढलेली माणसं. शाळा अर्ध्यावर सुटली. पुढं जे काही शिकलो ते वाचनालयात, सरकारी दवाखान्याच्या रांगेत आणि रुग्णांच्या उशाशी बसून. तेव्हा पाटी आमची आहे, अक्षरं मात्र डॉक्टर लोकांची आहेत, असं समजून ऐकावं.

आजाराचे आम्ही आमच्यापुरते तीन भाग केले आहेत. पहिला बाहेरून येणारा. क्षयरोग घ्या. दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला की थुंकी तपासायची, गोळ्या सरकारात फुकट मिळतात. साध्या टी.बी.चा कोर्स सहा महिन्यांचा असतो, तो मधेच सोडायचा नाही. पोषणासाठी रुग्णाच्या खात्यात २०१८ पासून महिना ५०० रुपये येत होते, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. दुसरा भाग कामातून येणारा. कापसाच्या धुळीनं गिरणी कामगाराची छाती भरते, त्याला बिसिनोसिस म्हणतात. सुट्टी संपवून पहिल्या पाळीला गेलं की त्याच दिवशी दम लागतो, ही त्याची खूण. हे दोन्ही आजार आपल्या ओळखीचे आहेत. तिसरा भाग म्हणजे आईबापाच्या रक्तातून येणारा आजार. आज बोलायचं ते त्याच्यावर, कारण त्याच्यावरच आपण सगळ्यात कमी बोलतो. त्याचं नाव सिकलसेल.

जगाच्या पुस्तकात याला कुठं दुर्मिळ म्हटलं आहे, कुठं नाही. आम्ही म्हणतो, दुर्मिळ कोणासाठी? एखाद्या शहरातल्या डॉक्टरला नोकरीभर असा रुग्ण दिसणार नाही. विदर्भात मात्र आपल्या वस्त्यांतून फिरा, गडचिरोलीत गोंड-माडिया बांधवांत जा, तिकडं नंदुरबारला भिल्ल-पावरा बांधवांत जा. घराघरातून वाहक निघतील. जिथं आजार घरचा आहे तिथं त्याला दुर्मिळ म्हणून चालत नाही.

आता हा आजार आहे काय? आपलं रक्त लाल दिसतं ते हिमोग्लोबिनमुळं. त्याच्या एका साखळीत १४६ मणी असतात. त्यातला सहाव्या जागचा एकच मणी बदललेला असतो. गिरणीत काम केलेल्या माणसाला हे लवकर कळेल. ताण्यातला एक धागा चुकीचा लागला की सबंध कापडात दोष उतरतो. तसं इथं होतं. गोल, मऊ लाल पेशी प्राणवायू कमी पडला की ताठ होते आणि विळ्यासारखी वाकते. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात, म्हणून हे नाव. अशा पेशी बारीक रक्तवाहिनीत अडकतात, पुढचं रक्त थांबतं आणि हाडं फुटावीत अशा कळा येतात. निरोगी पेशी १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांत फुटते. म्हणून रक्त कायम कमी आणि डोळे पिवळे. ही लिव्हरची कावीळ नव्हे. लेकराचे डोळे पिवळे दिसले की झाडपाल्याचं औषध नि गळ्यात माळ, ही पद्धत आता सोडली पाहिजे. बाहेरचं लागलं, कोणी करणी केली, हे तर बोलायलाच नको.

१९१० साली शिकागोच्या डॉ. हेरिक यांनी या विळ्याच्या पेशींची पहिली नोंद छापली. रुग्ण होता ग्रेनाडा बेटावरून दातांच्या डॉक्टरकीचं शिक्षण घ्यायला आलेला एक काळा विद्यार्थी. १९४९ साली लायनस पॉलिंग यांनी दोष हिमोग्लोबिनमध्ये आहे हे दाखवलं. भारतात १९५२ साली नीलगिरीच्या आदिवासींत हा दोष सापडला.

मग हा आपल्यातच का, असं लोक विचारतात. काही जण तर दबक्या आवाजात म्हणतात, आपलं रक्तच तसं. भावांनो, हे मनातून काढून टाका. १९५४ साली डॉ. ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत अभ्यास करून दाखवलं की ज्याच्या रक्तात हा दोष एकाच बाजूनं आला आहे, त्याला जिवावर बेतणारा मलेरिया कमी होतो. म्हणजे जंगल, दलदल आणि डास होते तिथं ज्यांच्याकडं हा दोष अर्धा होता, ती लेकरं जगली. आफ्रिकेत हेच, अरबस्तानात हेच, ग्रीसमध्येही हेच. यात उच्च-नीच काही नाही. एकाच जातीत लग्न करत राहिल्यानं दोष त्याच त्याच घरांत फिरत राहिला, एवढं मात्र खरं. जातीचं मूळ जातीतल्या जातीत होणाऱ्या लग्नात आहे, हे बाबासाहेबांनी १९१६ सालीच कोलंबिया विद्यापीठातल्या निबंधात सांगितलं होतं. पण जातीबाहेर लग्न केलं म्हणजे सुटलो, असंही नाही. वाहक इतर समाजांतही आहेत. तपासणी हवीच.

आता हिशेब नीट ऐका. एका बाजूनं दोष आला तो वाहक. त्याला ए.एस. म्हणतात. वाहक हा रुग्ण नाही. तो शेती करतो, हमाली करतो, साधारण सगळ्यांसारखाच जगतो. दोन्ही बाजूंनी दोष आला तो रुग्ण, एस.एस. वाहकानं निरोगी जोडीदार केला तर मूल रुग्ण होत नाही, फार तर वाहक होतं. दोघंही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात रुपयात चार आणे धोका मूल रुग्ण होण्याचा, आठ आणे वाहक होण्याचा आणि चार आणे निरोगी होण्याचा. लोक समजतात, चार लेकरांत एक गेलं, आता उरलेली तीन बरी. तसं नाही. प्रत्येक वेळी नवा फासा पडतो. आणि दोष आईकडून जेवढा, तेवढाच बापाकडून येतो. तरी आजवर आम्ही ज्या घरी गेलो, तिथं दोषी ठरवलेली बहुतेक वेळा सूनच दिसली.

आमच्या पाहण्यातली एक गोष्ट सांगतो. एका मुलीनं लपवलं नाही. बैठकीतच सांगितलं, मी वाहक आहे. मुलाकडचे ताडकन उठले. आम्ही मध्ये पडून विचारलं, मुलाचा रिपोर्ट कुठं आहे? तर म्हणाले, मुलाला काय झालंय? तपासणी कधी केलेलीच नव्हती. सोयरीक मोडली ती मोडलीच. त्या मुलीची नंतर आमच्याशी भेट झाली तेव्हा ती म्हणाली, काका, खरं बोलल्याची शिक्षा मला, आणि न तपासणारा मात्र मोकळा. या वाक्याला आमच्याकडं उत्तर नव्हतं. उत्तर समाजानं द्यायचं आहे.

म्हणून सांगतो, रक्तगट जुळला म्हणजे झालं असं समजू नका. रक्तगट वेगळा, ही तपासणी वेगळी. आधी सोल्युबिलिटी नावाची साधी चाचणी होते. तिच्यात दोष आहे एवढंच कळतं, वाहक की रुग्ण ते कळत नाही. त्यासाठी पुढची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एच.पी.एल.सी. चाचणी करून घ्यायचीच. वाहकानं लग्न करू नये असं आम्ही म्हणत नाही. दोन वाहकांनी ठरवलंच असेल किंवा लग्न आधीच झालं असेल, तर घर मोडू नका. दिवस राहिल्यावर लगेच मोठ्या दवाखान्यात जा. दहा-बारा आठवड्यांत गर्भाची तपासणी करता येते. पुढचा निर्णय त्या दोघांचा, त्यात इतरांनी तोंड घालू नये.

ज्यांच्या घरी रुग्ण आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी. पाणी भरपूर पाजा, शाळेत बाटली द्या आणि लघवीला जाऊ द्या म्हणून गुरुजींना सांगा. थंडीत अंग झाका, गार पाण्यात पोहायला पाठवू नका. फॉलिक ॲसिडची गोळी चुकवू नका. रक्त कमी म्हणून मनानं लोहाच्या गोळ्या देऊ नका. इथं लोह कमी पडल्यानं रक्त घटत नाही, पेशी फुटल्यानं घटतं. वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णाच्या अंगात तर लोह साठत जातं. हायड्रॉक्सियुरिया नावाचं औषध डॉक्टरांनी दिलं तर त्याला घाबरू नका. त्यानं कळा कमी होतात, पण वेळोवेळी रक्त तपासून घ्यावं लागतं. लहान लेकराच्या लसी वेळेवर द्या. १०१ च्या वर ताप, छातीत दुखून दम लागणं, पोटाची डावी बाजू फुगून लेकरू एकदम पांढरं पडणं, हात-पाय लुळा पडणं, यातलं काही दिसलं तर रात्र काढू नका, तसेच उठा.

आणि दुखणं दिसत नाही म्हणून त्याला बहाणा म्हणू नका. जखम नाही, सूज नाही, पण रात्रभर लेकरू तळमळतं. घरच्यांनी विश्वास ठेवला तर अर्धं दुखणं सहन होतं.

हक्कांचंही ऐका. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल आला आहे. प्रमाणपत्र काढा. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व ठरलं तर उच्च शिक्षणात राखीव जागा मिळतात. नोकरीतल्या चार टक्के आरक्षणात मात्र रक्ताचे आजार घेतलेले नाहीत. ही लढाई बाकी आहे. १ जुलै २०२३ रोजी केंद्रानं सिकलसेल निर्मूलनाची मोहीम काढली, सात कोटी लोक तपासायचे आणि २०४७ पर्यंत आजार संपवायचा, असं ठरलं. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत जनुक दुरुस्त करणाऱ्या उपचाराला मान्यता मिळाली, त्याची तिथली किंमत बावीस लाख डॉलर. त्याची वाट पाहत बसणं आपल्याला परवडणारं नाही. रक्ताचा एक थेंब तपासणं मात्र आजच परवडतं.

शेवटी एकच मागणं. आपल्या विहारात लग्नं लागतात. नोंद घेताना समितीनं एक प्रश्न वाढवावा, तपासणी दोघांचीही झाली का? काय निघालं ते विचारायचं नाही, ते त्या दोघांचं आहे. फक्त झाली का, एवढंच. प्रश्न मुलीला, तसाच मुलाला. हा प्रश्न सगळ्यांनाच विचारला जाऊ लागला की खरं बोलणारी पोरगी एकटी पडणार नाही.



जय भीम.