जिथल्या तिथं

(आकाशवाणीवरील भाषण)



टेंभुर्णी म्हटलं की बहुतेकांना पुणे-सोलापूर रस्त्यावरची टेंभुर्णी आठवते. मी दुसऱ्या टेंभुर्णीचा, जालना जिल्ह्यातल्या, जाफराबाद तालुक्यातल्या. टेंभुर्णी म्हणजे ज्याच्या पानात विडी वळतात ते झाड. गावाच्या नावात ते टिकलंय, आमच्या गल्लीत मात्र एकही उरलेलं नाही. मी चित्रकला शिक्षक होतो. एलिमेंटरी, इंटरमीजिएटच्या परीक्षांना पोरं बसवण्यात नोकरी संपली. आता घरामागे चार वाफ्यांची परसबाग आणि कोपऱ्यात पत्र्याची एक खोली, एवढा माझा संसार.

मृगाच्या आधी ती खोली आवरायला काढली. तिच्यातून पाच खुरपी निघाली. घरात खुरपणारी माणसं दोन, मी आणि आमच्या सौभाग्यवती. मग खुरपी पाच कशी? हिशेब सोपा होता. दर पावसाळ्याच्या तोंडाला खुरपं सापडायचं नाही, मी बाजारात जायचो आणि नवं आणायचो. आधीचं कुठेतरी पोत्याखाली गंज खात पडलेलं असायचं. दोन झाऱ्या निघाल्या, त्यातल्या एकीला तोटी नव्हती. छाटणीच्या कातरी दोन, दोन्ही गंजून मिटलेल्या. ठिबकच्या नळ्यांचं भेंडोळं उंदरांनी कुरतडलेलं. हे सगळं अंगणात मांडलं तेव्हा शेजारी विचारून गेले, ‘गुरुजी, दुकान टाकता का?’

त्या दिवशी मला आजी आठवली. आमचं जुनं घर माळवदाचं. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, त्यात कोनाडे, देवळ्या, खुंट्या. ज्वारी बळदात. डाळी कणगीत, ही कणगी निरगुडीच्या फोकांची विणलेली, आतून-बाहेरून शेणमातीनं लिंपलेली. गाडग्या-मडक्यांची उतरंड. दूध-दही मांजरापासून वाचावं म्हणून तुळईला शिंकं. विळा पडवीतल्या तिसऱ्या खुंटीला, सूप चौथ्या. आजीला रातांधळेपणा होता, पण दिवा न लावता ती हवी ती वस्तू काढायची. म्हणायची, ‘अंधारात हात घातला तरी सापडलं पाह्यजे, तव्हा त्याला घर म्हणायचं. जिथल्या तिथं ठेवलं की दुसरं आणावं लागत नाही.’

श्रोतेहो, आज पर्यावरणाचं नाव काढलं की आपण आधी खरेदीला निघतो. बांबूचा ब्रश, तागाची पिशवी, नव्या धाटणीची कुंडी. यातलं काहीच वाईट नाही. पण सापडत नाही म्हणून दुसऱ्यांदा आणलेली वस्तू हा मला सगळ्यात मोठा कचरा वाटतो. तिच्यासाठी लोखंड वितळलं, लाकूड तुटलं, ट्रक धावला, आणि गरज तर मुळातच नव्हती. म्हणून माझ्या लेखी पर्यावरणाचा पहिला धडा ‘जिथल्या तिथं’ हाच.

आता परसबागेच्या सामानाचं बोलू. त्या खोलीत मी तीन गोष्टी केल्या.

पहिली, तेल. अवजार वापरून झालं की माती धुवायची, पुसून कोरडं करायचं आणि पात्याला तेलाचा हात फिरवायचा. लाकडी दांड्याला मात्र जवसाचं तेल. जवस आम्हा मराठवाड्याच्या माणसांना माहीत असतो तो भाकरीवरच्या चटणीमुळे. चित्रकाराला तो तैलरंगामुळे माहीत असतो, कारण तैलरंग कालवतात ते याच तेलात. हे तेल हवा लागली की हळूहळू घट्ट होतं आणि लाकडावर पातळ पापुद्रा धरतं. तोच गुण चित्राला टिकवतो, तोच फावड्याच्या दांड्याला. एक सावधगिरी मात्र ठेवा. या तेलाची चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना तापतं आणि अशी चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. ती मोकळी पसरून बाहेर मोकळ्या हवेत वाळवा.

दुसरी, उंची. नळ्यांचं भेंडोळं, रिकामी पोती, बांबूच्या टोपल्या जमिनीवर ठेवल्या की उंदीर आणि वाळवी त्यांचा ताबा घेतात. आजीचं शिंकं इथे कामाला आलं. आढ्याला दोऱ्या बांधून नळ्या टांगल्या. सावलीत ठेवल्या की उन्हानं कडकही होत नाहीत.

तिसरी गोष्ट माझ्या आवडीची. प्रत्येक अवजार भिंतीला टेकवून धरलं आणि गेरूनं त्याच्या कडेकडेनं रेघ काढली. आत गेरू भरला. आता भिंतीवर खुरप्याची, विळ्याची, कातरीची, टिकावाची लाल सावली आहे आणि प्रत्येक सावलीच्या डोक्यावर एक खुंटी. अवजार जागेवर नसेल तर सावली उघडी पडते आणि लांबूनच कळतं. मोठ्या कारखान्यांत पान्ह्यांचे फळे असेच आखलेले असतात. नातू या भिंतीला ‘आजोबांचं प्रदर्शन’ म्हणतो.

फवारणीची औषधं या खोलीत ठेवत नाही. ती वेगळ्या पेटीत, कुलपात, मुलांच्या हाताच्या वर, आणि मूळ बाटलीतच. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर दगावले, ते आपण विसरता कामा नये. औषधाचा रिकामा डबा कितीही चांगला दिसला तरी त्यात पाणी, तेल, धान्य काही भरायचं नाही. धुवायचा, भोक पाडायचं, म्हणजे दुसऱ्या कुणाला मोह होणार नाही.

आणि बी. जालना हे बियाण्यांचं गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली इथे महिको ही बियाणे कंपनी सुरू केली. 1998 साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पण संकरित वाणाचं बी घरी धरलं तर पुढच्या वर्षी तेच गुण उतरत नाहीत. घरी जपायचं ते देशी वाणाचं. वाल, दोडका, भोपळा, गवार. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी अशी गावठी बियाणी सांभाळून बँक उभी केली, 2020 चा पद्मश्री सन्मान मिळवला. बी किती वाळलं हे पाहायला आजी दाताखाली दाणा धरायची. दबला तर अजून ऊन द्यायचं, ‘कट्’ असा आवाज आला की झालं. मग राख आणि कडुलिंबाचा पाला घालून गाडग्यात. मी लोणच्याची काचेची बरणी वापरतो आणि वर चिठ्ठी लावतो, वाणाचं नाव आणि साल. चिठ्ठी नसलेली बरणी म्हणजे न सापडणाऱ्या खुरप्यासारखीच.

श्रोतेहो, आता घरातल्या चित्रांकडे वळतो. तुम्ही म्हणाल, खुरप्याचा आणि चित्राचा काय संबंध? आमच्या शेजारी भोकरदन आहे, प्राचीन भोगवर्धन. 1973 साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी तिथे उत्खनन केलं. त्यात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. तिच्याच घडणीची, साधारण वीतभर उंचीची मूर्ती 1938 साली इटलीत, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात सापडली होती. ती म्हणे आरशाची मूठ असावी किंवा एखाद्या आसनाचा पाय, असा अभ्यासकांचा तर्क आहे. हस्तिदंताचा व्यापार आज गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. पण मला त्यातली दुसरी गोष्ट मोलाची वाटते. कला त्या काळी वापरातल्या वस्तूतच राहत होती.

आमच्या घरात ती वाकळीत राहायची. जुनं लुगडं, फाटकं धोतर, अंगड्याचे तुकडे एकावर एक पसरून बायका कडेकडेनं धावदोरा घालत मध्याकडे यायच्या. पोपटी तुकड्याशेजारी जांभळा का लावायचा, हे त्यांना कुठल्या परीक्षेनं शिकवलं नव्हतं. मी चाळीस वर्षं रंगसंगती शिकवली, पण माझ्या दिवाणखान्यात चौकट करून लावावं असं मला वाटलं ते आजीच्या वाकळीचा हातभर तुकडाच.

तेव्हा चित्र निवडताना सोफ्याच्या रंगाशी जुळवू नका; सोफा दहा वर्षांत जातो. हे कुणी केलं, कशावर केलं, आणि रोज पाहून कंटाळा येईल का, एवढं विचारा. वारली चित्र घेत असाल तर ते हातानं काढलेलं आहे की छापलेलं, हे पाहून घ्या. हाताच्या रेघेत थोडं थरथरणं असतं, एकसारखी दोन माणसं सापडत नाहीत. जलरंगाचं चित्र खिडकीसमोर लावलं तर ऊन रंग पिऊन टाकतं. पावसाळ्यात ओल येणारी भिंत टाळा. चौकटीच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि चित्र यांत बोटभर वारा खेळतो आणि वाळवीही नजरेस पडते. उंचीचं म्हणाल तर चित्राचा मध्य जमिनीपासून पाच फुटांवर ठेवावा, असं साधारण धोरण आहे. पण ज्या घरात माणसं सतरंजीवर बसतात तिथे ते आणखी खाली आणा. आपल्याकडे तसबिरी छताला टेकवायची सवय आहे. देवालाही मान वर करून बघावं लागतं.

आज गावात सगळ्यात जास्त दिसणारी कला कोणती, सांगू? फ्लेक्स. वाढदिवस, निवड, अभिनंदन, श्रद्धांजली. चार दिवस चौकात, मग तो जातो कुठे? कडब्याच्या गंजीवर, गोठ्याच्या भोकावर. आमच्या शिवारात एका गंजीवर एक भावी आमदार वर्षभर पावसात हसत पडले होते. हा वापर चांगलाच, पण उन्हानं फ्लेक्सचा भुगा होतो आणि तो प्लॅस्टिकचा भुगा मातीत मिसळतो. याच फ्लेक्सपायी कुंचल्यानं फलक रंगवणारे पेंटर हातावर हात धरून बसले. गावकऱ्यांनी एक करून पाहावं. वर्षातून एकदा पेंटर बोलवावा आणि शाळेची एक भिंत रंगवून घ्यावी. खर्च फार वेगळा येणार नाही, आणि भिंत काही वर्षं बोलत राहील.

आता कचेरी. एका शाळेच्या कचेरीत एकच परिपत्रक मी एका आठवड्यात तीनदा छापलेलं पाहिलं, कारण आधीची प्रत कुणालाच सापडेना. कागद वाचवा अशा पाट्या लावून कागद वाचत नाही. फाइल जागेवर असली की वाचतो. एका बाजूनं छापलेल्या कागदांचा गठ्ठा मी वर्गात न्यायचो. पोरांची कितीतरी रेखाटनं शासनाच्या आदेशांच्या पाठीवर आहेत. चहाच्या कागदी कपाला आतून बहुधा प्लॅस्टिकचा थर असतो, म्हणून तो धड कुजत नाही. शिक्षक खोलीत एका फळीला खिळे ठोकले, प्रत्येकाच्या नावाचा एक, आणि ज्याचा कप त्याच्या खिळ्याला. आठवडाभरात कागदी कप मागवणं बंद झालं. भाषण कुणी केलं नव्हतं.

दिव्याचा हिशेब तर पाचवीच्या पोराला जमेल. 60 वॅटचा जुना बल्ब रोज 6 तास जळला तर महिन्याला जवळपास 11 युनिट. 9 वॅटचा एलईडी तेवढाच वेळ लावला तर दीड युनिटाच्या थोडं वर. पावसाचाही हिशेब ठेवा. 50 चौरस मीटर पत्र्यावर 10 मिलिमीटर पाऊस पडला की 500 लिटर पाणी. पहिल्या सरीचं धुऊन जाऊ द्या, पुढचं पन्हाळीनं टाकीत घ्या. 2012-13 च्या दुष्काळात आमच्या जिल्ह्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. तो उन्हाळा ज्यानं पाहिला, त्याला पाण्याची ‘जागा’ म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही.

त्या पाच खुरप्यांचं काय झालं, ते सांगून थांबतो. पाचही लोहाराकडे नेली, पाजवून आणली. दोन माझ्या भिंतीवर आहेत. तीन शेजारच्या तीन घरांत गेली. यंदा मी खुरपं विकत आणलेलं नाही. तुम्हीही बाजाराची पिशवी उचलण्याआधी घरातली एक खोली, एक फडताळ किंवा कचेरीतला एक खण आवरून पाहा. आणायला निघालात ती वस्तू बहुतेक तिथेच असेल.