लांबच्या रस्त्याला लागण्यापूर्वी

(विश्वकर्मा जयंतीनिमित्त नंदुरबार येथे वाहनचालक व त्यांच्या कुटुंबीयांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



विश्वकर्मा जयंती भारतीय मजदूर संघ राष्ट्रीय श्रमदिन म्हणून साजरी करतो. 23 जुलै 1955 रोजी भोपाळ येथे दत्तोपंत ठेंगडींनी या संघटनेची स्थापना केली. श्रमिकाचा विचार त्याच्या कुटुंबासह करावा, ही दृष्टी आपण त्यांच्याकडून घेतली. म्हणूनच या कार्यक्रमाला घरातल्या भगिनींनाही बोलवा, असा आग्रह मी संयोजकांकडे धरला होता.

विषय तुमच्यातल्याच काही तरुणांनी सुचवला. ही मुले छोटा हत्ती किंवा पिकअप चालवतात. सकाळी नंदुरबारला किराणा भरायचा, तळोद्याहून चांदसैली घाट चढून धडगावला पोचवायचा आणि रात्री घरी जेवायला यायचे. आता त्यांना ‘लाइनवर’ जायचे आहे. आज सुरत, उद्या नागपूर, परवा कोलकाता. पैसा अधिक, मान अधिक असे त्यांनी ऐकले आहे. जावे का, असे त्यांनी मला विचारले. मला स्वतःला ट्रक चालवता येत नाही, हे आधीच सांगतो. पत्रकार या नात्याने चालकांच्या शेजारी बसून प्रवास मात्र पुष्कळ केला आहे.

लांब पल्ल्याची मालवाहतूक आपल्या भूमीला नवी नाही. सुरत-बऱ्हाणपूर हा जुना व्यापारी मार्ग नवापूर, नंदुरबारवरूनच जात असे. सतराव्या शतकातला फ्रेंच प्रवासी ताव्हर्निये याच वाटेने गेला आणि नवापूरच्या सुवासिक तांदळाची नोंद करून गेला. हजारो बैलांवर धान्य आणि मीठ वाहून नेणाऱ्या बंजाऱ्यांचेही वर्णन त्याने केले आहे. त्यातली एक गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली. तांडा निघे तेव्हा बायका, मुले, इतकेच नव्हे तर पुरोहितही बरोबर असे. माल चाले तिथे संसारही चाले. आजचा चालक एकटा जातो. माझ्या मते या व्यवसायातला सर्वांत मोठा बदल हाच आहे. वेग, डिझेल हे सारे त्यानंतरचे.

आता परवान्याविषयी. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 रोजी स्पष्ट केले की, हलक्या वाहनाचा परवाना असलेल्याला 7,500 किलोपर्यंत एकूण वजनाचे मालवाहू वाहनही चालवता येते. तुमच्यापैकी बहुतेकांच्या रोजीरोटीला या निकालाचा आधार आहे. परंतु ही सवलत त्या वजनाला संपते. पुढे हेवी परवाना हवाच. तो नसताना ‘चालवून घे, काही होत नाही’ असे सांगणारे भेटतात. अपघात झाला की हेच लोक फोन उचलत नाहीत. आणखी एक गोष्ट अक्कलकुव्याच्या मुलांसाठी. अंकलेश्वरच्या रसायनांची वाहतूक तुम्हाला जवळची. तो माल नेण्यासाठी तीन दिवसांचे वेगळे प्रशिक्षण आणि परवान्यावर तशी नोंद लागते. ती घेतल्याशिवाय टँकरवर बसू नका.

परवाना मिळाला म्हणजे हात तयार झाला असे मात्र नाही. छोट्या हत्तीत पाऊण टन माल असतो. दहा चाकी ट्रकचे मालासह कमाल वजन जुलै 2018 मध्ये 25 टनांवरून 28.5 टन करण्यात आले. एवढे वजन मागून ढकलत असताना कोंडाईबारी घाट उतरणे हे वेगळेच शास्त्र आहे. सतत पाय दाबून ठेवला की ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक धरत नाहीत. म्हणून घाट लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकायचा, गाडी इंजिनाच्या ताकदीवर रोखायची आणि हवेच्या दाबाच्या काट्यावर नजर ठेवायची. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलवर गाडी सोडणारे काही ‘उस्ताद’ मी पाहिले आहेत. त्यांच्याकडून काहीही शिकू नका. ऑक्टोबर 2020 मध्ये सुरतेकडे निघालेली एक खासगी बस मध्यरात्रीनंतर याच घाटात खाली कोसळली आणि प्रवासी दगावले. तो रस्ता तुमच्या घराजवळचा आहे, म्हणून तो सोपा ठरत नाही. जाणत्या चालकाबरोबर निदान वर्षभर जोडीदार म्हणून जा. पगार कमी मिळेल, तो घ्या.

झोपेचा प्रश्न याहून अवघड आहे. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास आणि लांबच्या मार्गावर फार तर दहा तास, अशी मर्यादा घातली होती. पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांतीही सांगितली होती. एक-दोन गाड्यांच्या मालकाला, पाचांहून कमी माणसे असल्याने, तो कायदा लागूच होत नसे. भाडे ‘परवा सकाळी पोचव’ या शब्दावर ठरते आणि तो शब्द झोपेतून वसूल होतो. नव्या मोठ्या ट्रकांना 1 ऑक्टोबर 2025 पासून वातानुकूलित केबिन बंधनकारक झाली, हे चांगलेच झाले. पण तुम्हाला पहिली गाडी मिळेल ती जुनीच, हे धरून चाला.

इथे आपल्या जिल्ह्यापुरती एक गोष्ट बोलली पाहिजे. आपल्या वनवासी बांधवांमध्ये सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. हा आजार असलेल्याच्या शरीरातले पाणी कमी झाले, थकवा वाढला किंवा थंडी बाधली की तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. आणि वारंवार थांबावे लागू नये म्हणून पाणीच न पिणारे चालक मी पाहिले आहेत! 1 जुलै 2023 रोजी केंद्राने सिकलसेल निर्मूलनाचे अभियान सुरू केले. तपासणी करून घेण्यात कमीपणा नाही. ‘वाहक’ असणे आणि आजारी असणे यांत फरक आहे, तो डॉक्टरांकडून समजून घ्या. आजार असेल तर धडगावची फेरीच तुमच्यासाठी योग्य आहे, आणि तीही तितक्याच सन्मानाची आहे.

पैशाचा हिशेब घरी बसून, बायकोसमोर करा. महिन्याचा पगार, फेरीचा भत्ता आणि मालकाकडून घेतलेली उचल हे तीन आकडे वेगळे लिहा. उचल ही कमाई नव्हे. ती परत फेडायची असते, हे घरात माहीत असू द्या. जादा मालाचा दंड कोण भरणार, हे गाडीची किल्ली घेण्याआधी विचारा.

आता थोडे आपल्या मध्यमवर्गीय कार्यकर्त्यांशी. ट्रकचालक म्हणजे दारुडा, हे समीकरण आपल्याच दिवाणखान्यांत रूढ आहे. 2020 च्या टाळेबंदीत ढाबे बंद असताना डाळ-तांदूळ आपल्या दारापर्यंत कोणी आणले? चालक पंधरा-पंधरा दिवस बाहेर असतो, तेव्हा त्याच्या घरी आजारी म्हातारी असते, मुलाचा शाळेचा दाखला अडलेला असतो. वस्तीतल्या शाखेचे किंवा समितीचे कोणी आठवड्यातून एकदा त्या दारात जाऊन विचारपूस केली, तर त्याला संघटनेच्या बैठकीची गरज नाही. पायांची गरज आहे.

गेल्या वर्षी तळोद्यात एक ताई मला म्हणाल्या, “भाऊ, गाडी कुठे आहे ते मालकाला मोबाइलवर दिसतं. मग मला का दिसत नाही?” माझ्याकडे उत्तर नव्हते. मी त्या मालकांना गाठले. आधी ते हसले, मग जरा थांबले आणि मुलाला हाक मारून म्हणाले, “यांना ते कसं जोडायचं ते दाखव.” आता चालक ओडिशात असो वा छत्तीसगडात, रात्री गाडी थांबली की त्या ताईंना कळते. मग त्या फोन करतात, त्याआधी नाही.