चिप कोणाची, कारखाना कोणाचा?

भोर-वेल्ह्याच्या मुलांना राजगड-तोरण्याचा इतिहास वेगळा सांगावा लागत नाही. तोरणा हाती आला, तरी महाराज तेवढ्यावर थांबले नाहीत. मुरुंबदेवाच्या डोंगरावर त्यांनी राजगड उभारला. संगणकाच्या चिपबाजारातील झुंजही याच दृष्टीने पाहिली पाहिजे.

१९९३ साली इंटेलने पेंटियम आणली. तिच्या विकासाची धुरा वाहणारे विनोद धाम यांचा जन्म पुण्याचा. १९९५ मध्ये ते नेक्सजेन या छोट्या कंपनीत गेले. तिच्यापाशी बुद्धी होती, कारखाना नव्हता. चिप आयबीएम घडवून देई. ही कंपनी एएमडीने घेतली आणि १९९७ मध्ये के-६ बाजारात आली. पेंटियमच्याच खाचेत बसणारी, पण स्वस्त. ज्याने बुरूज बांधला, त्यानेच सुरुंग लावावा, तसा हा प्रकार!

पुढे २००९ मध्ये एएमडीने आपले कारखाने वेगळे काढले. आज तिच्या आघाडीच्या चिप तैवानची टीएसएमसी घडवते, आणि २०२२ साली बाजारमूल्यात तिने इंटेललाही मागे टाकले. मग कारखान्यावाचून चालते काय? कंपनीचे चालते, राष्ट्राचे चालत नाही. धोलेऱ्यात २०२४ मध्ये पायाभरणी झालेला टाटांचा प्रकल्प २८ नॅनोमीटर व त्याआधीच्या तंत्राचा आहे. इंटेल-एएमडीच्या शर्यतीतला तो नव्हे. मोटारींना आणि उपकरणांना लागणाऱ्या चिप तेथे घडवायच्या आहेत.