आता सोडून काय साधणार?
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



धूम्रपानाच्या दुष्परिणामांवर मी बोलावे, अशी चिटणीसांची आज्ञा आहे. परंतु ते दुष्परिणाम येथे कोणास ठाऊक नाहीत? पाकिटावर ते चित्रासह छापलेले असतात, आणि पाकीट उघडणारा हात त्या चित्रावरूनच फिरतो. म्हणून मी दुसऱ्या बाजूने बोलणार आहे. माझ्याकडे येणारे वडीलधारे गृहस्थ नेहमी एकच विचारतात, "डॉक्टर, चाळीस वर्षे ओढली, आता सोडून काय साधणार?" या प्रश्नाचे उत्तर आज द्यावयाचे आहे.

आपल्या रोहिण्यांच्या आतील बाजूस पेशींचा एकेरी, नाजूक थर असतो. तो नुसते अस्तर नव्हे. तो नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू निर्माण करतो. त्यायोगे रोहिणी सैल राहते व तिच्यात गुठळी सहसा बनत नाही. तंबाखूचा धूर या थरास इजा करतो. रक्तातील बिंबिका एकमेकींस चिकटू लागतात. निकोटिनमुळे नाडी जलद चालते, रक्तदाब चढतो. आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू रक्तकणांतील प्राणवायूची जागा बळकावून बसतो. हृदयास काम अधिक आणि प्राणवायू कमी! अशा वेळी अरुंद झालेल्या हृद्रोहिणीत गुठळी धरली, की झटका येतो.

यातील पुष्कळशी हानी जुन्या साठ्याची नसून रोजच्या रोज नव्याने होणारी आहे, म्हणूनच ती थांबतेही लवकर. धूम्रपान सोडल्यावर एक-दोन दिवसांत तो विषारी वायू रक्तातून बहुतांशी निघून जातो. पुढील काही आठवड्यांत बिंबिकांचा चिकटपणा उतरतो. वर्षभरात हृदयविकाराचा वाढीव धोका सुमारे निम्मा होतो. उरलेला ओसरण्यास मात्र दहा-पंधरा वर्षे, कित्येकांस त्याहूनही अधिक काळ लागतो. कारण रोहिणीत साचलेला कठीण थर विरघळून जात नाही. तेवढे मान्य केलेच पाहिजे.

इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ साली तेथील डॉक्टरांच्याच सवयींची नोंद घेण्यास आरंभ केला. पन्नास वर्षांचा हिशेब २००४ साली प्रसिद्ध झाला. आयुष्यभर ओढणाऱ्यांचे वय सरासरीने सुमारे दहा वर्षांनी घटले होते. तिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांनी ती जवळजवळ सर्व वाचविली. चाळिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांनी सुमारे ९, पन्नासाव्या वर्षी ६, आणि साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांनीही ३. साठीच्या गृहस्थास तीन वर्षे म्हणजे काय, हे नातवंडे असलेल्यांना मी सांगावयास नको. ज्यांना झटका येऊन गेला आहे, त्यांना तर लाभ अधिकच. अशा रुग्णांच्या वीस अभ्यासांचा एकत्रित विचार २००३ साली झाला, तेव्हा धूम्रपान सोडणाऱ्यांतील मृत्यूचे प्रमाण न सोडणाऱ्यांपेक्षा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक कमी आढळले. ही किमया करणाऱ्या गोळीस लोकांनी वाटेल ती किंमत मोजली असती.

"मी विसांवरून दोनांवर आलो," असे अभिमानाने सांगणारे सभासदही येथे आहेत. त्यांचा निग्रह मला आदरणीय वाटतो. पण रोहिणी असे त्रैराशिक मांडीत नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत पाहणीनुसार रोज एकच सिगारेट ओढणाऱ्याच्या पदरी वीस ओढणाऱ्याच्या वाढीव हृदयधोक्याचा जवळजवळ निम्मा वाटा येतो. दोनांवरून शून्यावर येणे, हाच प्रवासाचा मोठा टप्पा आहे. विडी पानाची, म्हणून सौम्य, ही समजूतही खोटी. बावन्न देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' या अभ्यासात विडीमुळेही झटक्याचा धोका वाढल्याचे २००६ साली दिसून आले. तरुण विडीकरांच्या पायांच्या रक्तवाहिन्या बंद पडून बोटे काळी पडतात, तो बर्गरचा रोग आम्ही पुष्कळ पाहतो. त्यात पाय वाचविण्याचा खात्रीचा उपाय एकच, तंबाखू पूर्ण बंद.

सोडल्यावर पहिले काही दिवस चिडचिड होते, झोप मोडते, भूक वाढते. हा त्रास पहिल्या आठवड्यात सर्वांत अधिक असतो, आणि तीन-चार आठवड्यांत बराच निवळतो. त्या काळात घरच्या मंडळींनी टोमणे मारू नयेत, एवढी विनंती. निकोटिनची च्युइंगम व इतर औषधे मिळतात. हृदयरोग असणाऱ्यांनी ती डॉक्टरांस विचारून घ्यावीत. १८००-११-२३५६ या क्रमांकावर विनाशुल्क सल्ला मिळतो. तो क्रमांक २०१८ पासून पाकिटावरच, त्या चित्राजवळ छापलेला असतो.