जुनी जीप घ्यावी, पण नंबर पाहून



जुन्या गाड्यांचा बाजार पूर्वी गॅरेजच्या ओट्यावर भरायचा. कुणाची जीप विकायला काढली आहे, ती आधी साखर कारखान्यावर होती की वडापमध्ये राबली, हे गावातल्या मेकॅनिकला तोंडपाठ असायचं. आता तोच बाजार मोबाइलच्या पडद्यावर भरतो. कोल्हापुरात बसून पंजाबातली विलीज पाहता येते आणि रत्नागिरीच्या मारुती जिप्सीची चौकशी नागपूरहून होते. सोय मोठी आहे. पण ओट्यावर आपोआप कळणारी एक गोष्ट या पडद्यावर कळत नाही. ती म्हणजे, फोटोत दिसणारी ही जीप नेमकी कोणती जीप आहे?

प्रश्न जरा विचित्र वाटेल. पण जीपची घडणच त्याला कारण आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ते १९४५ या काळात, अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. एका कंपनीच्या जीपचा भाग दुसरीच्या जीपला बसला पाहिजे, ही सैन्याची गरज होती. स्वातंत्र्यानंतर महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि त्याच घराण्यातल्या गाड्या आपल्या रस्त्यांवर पुढे अनेक वर्षं धावल्या. साधी, उघडी आणि सुटी करता येणारी गाडी. त्यामुळे चासी एकीची, इंजिन दुसरीचं आणि बॉडी कुठेतरी नव्याने ठोकलेली, अशा जीप सर्रास भेटतात. हरियाणातलं मंडी डबवाली हे गाव तर उघड्या जीप बांधण्यासाठीच प्रसिद्ध आहे. तिथल्या कारागिरांच्या हातात कसब आहे, याबद्दल शंका नाही. पण रंगवलेली जीप फोटोत कितीही झकास दिसली, तरी कायद्याच्या लेखी ती गाडी म्हणजे दोन नंबर असतात. एक चासीवर ठोकलेला आणि दुसरा इंजिनावरचा. हे दोन्ही आरसी बुकातल्या नंबरांशी जुळले तर ती जीप. नाहीतर ते नुसतं लोखंड.

म्हणून जाहिरात आवडली की भाव करण्याआधी आरसीचा फोटो मागवावा. गाडीचा क्रमांक सरकारच्या परिवहन ॲपवर टाकला, तर नोंदणी कधीपर्यंत वैध आहे, विमा चालू आहे का, गाडीवर कर्जाचा बोजा आहे का, हे घरबसल्या कळतं. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी पासिंग करून ती वाढवून घ्यावी लागते. ‘पासिंग संपलंय, पण सहज होऊन जाईल’ असं विकणारा म्हणाला, तर ते सहज काम त्यालाच आधी करायला सांगावं. आता त्याचा खर्चही लहान राहिलेला नाही. हलक्या मोटारींच्या नोंदणीच्या नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ पासून पाच हजार रुपये झालं आणि २० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते दहा हजारांवर गेलं.

यानंतर प्रत्यक्ष जावं, आणि ओळखीचा मेकॅनिक बरोबर न्यावा. चासीवरच्या नंबरवर कागद ठेवून वरून पेन्सिल घासावी, म्हणजे ठसा उमटतो. आरटीओत याला चासी प्रिंट म्हणतात. आकडे वाकडेतिकडे असतील, भोवती ताजं वेल्डिंग किंवा पुट्टी दिसत असेल, तर तिथूनच परत फिरावं. बॉनेट उघडून पाहावं. आरसीत इंधन पेट्रोल आणि आत डिझेल इंजिन, हा जुन्या जीपचा नेहमीचा खेळ. आरटीओची परवानगी घेऊन, आरसीवर नोंद करून इंजिन बदललं असेल तर हरकत नाही. नोंद नसेल, तर उद्या पासिंगच्या वेळी आणि अपघातानंतर विम्याच्या वेळी ते प्रकरण नव्या मालकाच्या गळ्यात येतं. कंपनीच्या मूळ रचनेत मूलभूत बदल केलेल्या गाडीची नोंदणी करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे.

मग लोखंडाकडे वळावं. गाडीखाली आडवं होऊन चासीला गंज किती आहे, पाटे मोडलेले आहेत का, हे पाहावं. फोर-व्हीलचा गिअर टाकून मोकळ्या मातीत पुढची चाकं खरोखर ओढतात का, तेही पाहावं. पाटे, ब्रेक, टायर यांवर पैसा खर्च करता येतो. चुकीचा नंबर मात्र पैशाने दुरुस्त होत नाही.

आता फसवणुकीचा एक ठरलेला प्रकार सांगतो. जिप्सीची जाहिरात येते. भाव बाजारापेक्षा निम्मा. विकणारा सांगतो, ‘मी फौजी आहे, बदली झाली आहे, गाडी छावणीत उभी आहे.’ गणवेशातला फोटो आणि ओळखपत्रही पाठवतो. मग म्हणतो, ‘गाडी लष्कराच्या वाहनाने घरपोच येईल, फक्त वाहतुकीचे थोडे पैसे आधी पाठवा.’ ते पाठवले की दुसरा आकडा, मग तिसरा. गाडी कधीच येत नाही, कारण गाडी नसतेच. लष्कराच्या जुन्या गाड्या अशा जाहिरातींतून विकल्या जात नाहीत. त्यांचा रीतसर लिलाव होतो, विक्रीची कागदपत्रं मिळतात, आणि त्यावरून आरटीओत नोंदणी करावी लागते. गाडी पाहिल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नये, हा नियम प्रत्येकाने पाळावा. विकणाऱ्यांनाही असाच फास असतो. ‘टोकन पाठवतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका’ असं समोरचा सांगतो. लक्षात ठेवा, पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, पिन लागतो तो पैसे देताना. फसलाच, तर लाजून गप्प बसू नका. ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार करा.

आणि आता विकणाऱ्यांसाठी, कारण त्यांच्या डोक्यावरची टांगती तलवार त्यांना अनेकदा ठाऊकच नसते. आपल्याकडे रिवाज असा की पैसे मोजून घ्यायचे, किल्ली द्यायची आणि सही केलेले कोरे टीटी फॉर्म हातात ठेवायचे. घेणारा म्हणतो, ‘नाव नंतर चढवतो.’ पुष्कळदा तो मध्यस्थ असतो. तेच फॉर्म घेऊन तो गाडी तिसऱ्याला विकतो, तिसरा चौथ्याला, आणि आरसीवर नाव मात्र तुमचंच राहतं.

सर्वोच्च न्यायालयापुढे अशीच एक गाडी आली होती. मालकाने ती २००७ मध्ये विकली, पुढे ती आणखी हातांतून गेली आणि २००९ मध्ये तिच्या अपघातात एक मूल दगावलं. नोंदणी पहिल्या मालकाच्याच नावावर होती. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की ज्याच्या नावावर नोंदणी, तोच कायद्याने मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याची. गाडी दोन वर्षांपूर्वी विकली होती, हे सांगून सुटका झाली नाही.

म्हणून फॉर्म २९ आणि ३० पूर्ण भरूनच सही करा. गाडी त्याच राज्यात जाणार असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव बदलण्यासाठी अर्ज करायचा, असं मोटार वाहन कायदा सांगतो. परराज्यात जाणार असेल तर फॉर्म २८ वर ना-हरकत घ्या. कर्ज फिटलं असेल तर फॉर्म ३५ देऊन बोजा उतरवा. गाडी ताब्यात दिल्याची तारीख आणि वेळ लिहून घेणाऱ्याची सही घ्या, त्याच्या ओळखपत्राची प्रत ठेवा. शक्य असेल तर थोडी रक्कम नाव बदलेपर्यंत बाकी ठेवायची, असं दोघांनी लिहून ठरवावं. घेणाऱ्यानेही विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करावा.

खरोखरच दुर्मीळ गाडी असेल, तर तिच्यासाठी वेगळी वाटही आहे. जुलै २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुन्या आणि मोठे बदल न केलेल्या खासगी गाड्यांची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते. नवी नोंदणी २० हजार रुपयांत, दहा वर्षांसाठी. अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला नेता येते, रोजच्या वापराला नाही. इथेही मूळपण तपासलं जातं, आणि ते चासीपासूनच.

श्रोतेहो, जीपचा शौक वाईट नाही. सह्याद्रीतल्या कच्च्या वाटेवर पहिल्या गिअरमध्ये हळूहळू चढणारी जुनी जीप ज्याने चालवली, त्याला हे सांगायला नको. तिचे भाग बदलत राहतील, मालकही बदलतील. प्रत्येक मालकाचं नाव वेळेवर कागदावर चढत गेलं, तरच ती पुढच्या माणसाच्या हाती निर्धास्तपणे जाईल.