बोलणारा वर्ग



पत्रिकेवर विषय छापला आहे ‘ऑनलाइन शिक्षण आणि मुक्तस्रोत प्रणाली’. एलएमएस म्हणजे काय, हे २०२० च्या मार्चनंतर या सभागृहात कुणाला समजावून सांगायची गरज उरलेली नाही. पुढच्या रांगांत प्राध्यापक दिसताहेत, मागे विद्यार्थी आहेत, आणि मधल्या रांगांत त्या वर्षी मुलांच्या शेजारी मोबाइल धरून बसलेले पालक आहेत. (हशा) मुक्तस्रोत म्हणजे ज्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड कुणालाही पाहता, बदलता आणि पुढे देता येतो ते. ही व्याख्याही आपल्याला ठाऊक आहे असं धरून पुढे जातो.

कारण मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती आधीच सांगून टाकतो. या सगळ्या प्रणालींचा जीव त्यांच्यातल्या चर्चेत आहे. मूडल घ्या, दुसरी कुठलीही घ्या. आपल्याकडच्या बहुतेक महाविद्यालयांत मी काय पाहतो? पीडीएफ चढवलेल्या आहेत, पीपीटी चढवलेल्या आहेत, हजेरी आहे, नॅकच्या अहवालात ‘एलएमएस वापरतो’ अशी ओळ आहे. आणि चर्चेचं पान उघडलं की तिथे पहिल्या दिवसाची स्वागताची नोंद आणि त्याखाली काहीही नाही. आपण या प्रणालीचं फायलींचं कपाट करून ठेवलं आहे. ज्या माणसाने ती घडवली, त्याला कपाट बनवायचं नव्हतं.

तो माणूस म्हणजे मार्टिन डुगियामास. त्याचं बालपण पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी मुलखात गेलं. शहर शेकडो मैल दूर. शाळा रेडिओवरून. त्या देशात याला ‘स्कूल ऑफ द एअर’ म्हणतात, आणि तिची गोष्ट मला थोडी सविस्तर सांगू द्या, कारण माझं सगळं म्हणणं तिच्यात आहे.

ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागात एकेका कुटुंबाचं पशुपालनाचं रान आपल्या एखाद्या तालुक्याएवढं असायचं. शेजारी म्हणजे दिवसभराच्या वाटेवर. तिथे आजारी माणसापर्यंत पोचायला विमानाने फिरणाऱ्या डॉक्टरांची सेवा निघाली, आणि त्यांना निरोप धाडायला आल्फ्रेड ट्रेगर नावाच्या तंत्रज्ञाने १९२९ च्या सुमारास पायडल मारून चालणारा वायरलेस संच बनवला. पायडल मारून वीज तयार करायची आणि बोलायचं. पुढे शाळांच्या निरीक्षक राहिलेल्या अ‍ॅडलेड मीथकी या बाईंच्या लक्षात आलं, की या रानांतली मुलं कमालीची बुजरी आहेत. त्यांना अक्षरं येत होती, टपालाने धडेही येत होते. बोलायला दुसरं मूल नव्हतं. बाईंनी विचार केला, की डॉक्टरांचा रेडिओ घरोघरी आहेच, त्यावरून ही मुलं एकमेकांशी का बोलू नयेत? १९५१ साली अ‍ॅलिस स्प्रिंग्जहून पहिली शाळा सुरू झाली. सुरुवातीला धडे एकतर्फीच होते. शिक्षिका बोलणार आणि मुलं ऐकणार. पण थोड्याच काळात प्रत्येक पाठाच्या शेवटी प्रश्नोत्तरांची वेळ जोडावी लागली. ज्यांच्याकडे वीजदेखील पायडल मारून येत होती, त्या लोकांनी दुतर्फी बोलण्यासाठी वेळ काढला. आपल्याकडे आज प्रत्येकाच्या खिशात फोन आहे आणि आपला ऑनलाइन वर्ग अजून एकतर्फी आहे. (टाळ्या)

तर अशा रेडिओच्या शाळेत शिकलेला हा मुलगा पुढे पर्थच्या कर्टिन विद्यापीठात लागला. तिथे वेबसीटी नावाची व्यापारी प्रणाली होती, ती चालवण्याचं काम त्याच्याकडे होतं. तिच्या मर्यादा त्याला रोज दिसायच्या, आणि कोड बंद असल्यामुळे दुरुस्त करता यायच्या नाहीत. त्याने स्वतःची प्रणाली लिहायला घेतली आणि २० ऑगस्ट २००२ रोजी मूडलची १.० आवृत्ती जीपीएल परवान्याखाली खुली केली. त्याचं पीएच.डी.चं संशोधनही याच प्रश्नावर होतं. माणूस दुसऱ्यांसाठी काहीतरी रचताना, त्यांच्याशी बोलताना शिकतो, हा विचार सॉफ्टवेअरमध्ये कसा उतरवायचा?

आणि तो उतरला आहे. मूडलच्या चर्चेचा एक प्रकार असा आहे, की तुम्ही स्वतःचं उत्तर लिहीपर्यंत इतरांची उत्तरं तुम्हाला दिसतच नाहीत. पहिल्या बाकावरच्या मुलीने लिहिलेलं सगळ्यांनी उतरवलं, हा प्रकारच संपतो. ‘वर्कशॉप’ नावाच्या भागात विद्यार्थी एकमेकांचं लेखन तपासतात, आणि गुण दोन मिळतात, एक लिहिण्याचा आणि दुसरा तपासण्याचा. ‘ग्लॉसरी’मध्ये विषयाचा कोश मुलं स्वतः तयार करतात. हे सारं आत्ता, या क्षणी, आपल्या महाविद्यालयांच्या सर्व्हरवर आहे. फक्त कुणी बटण दाबलेलं नाही.

समोरून चिठ्ठी आली आहे. वाचतो. ‘साठ मुलांच्या नोंदी वाचत बसलो तर शिकवायचं कधी? आणि तासिका तत्त्वावर काम करणाऱ्यांना त्या वाचण्याचे पैसे कोण देणार?’ (टाळ्या)

टाळ्या बरोबर आहेत. मी तुमच्यावर आरोप करायला आलेलो नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी आत्ताच दिलं, मुलांना एकमेकांचं वाचू द्या. शिक्षकाने सगळं वाचायचं नसतं, कुठे हस्तक्षेप करायचा ते हेरायचं असतं. दुसऱ्या प्रश्नावर मात्र मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे. चर्चा चालवणं हे शिकवणं आहे. ते कार्यभारात धरलं पाहिजे. तासिकेवर राबणाऱ्या शिक्षकाकडून ते फुकट करून घेणं हा अन्याय आहे आणि तो विद्यापीठांनी थांबवला पाहिजे.

मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयातला अनुभव सांगतो. गाव सांगत नाही. प्राचार्यांची तक्रार होती, ‘मुलं बोलतच नाहीत, आम्ही चर्चा उघडून पाहिली.’ मी सर्व्हर पाहिला. मूडलमध्ये ठरावीक कामं आपोआप चालवणारी एक सोय असते, तिला क्रॉन म्हणतात. ती दर मिनिटाला चालावी लागते. ती बंद असेल तर कुणी चर्चेत लिहिलं तरी त्याची मेल बाकीच्यांना जात नाही. तिथे ती प्रणाली बसवल्यापासून एकदाही चालली नव्हती. मुलांनी सुरुवातीला लिहिलं होतं, पण ते कुणापर्यंत पोचलंच नव्हतं. मग कोण कशाला पुन्हा लिहील? ती बसवणारा ठेकेदार बसवून निघून गेला होता आणि सांभाळणारा माणूस महाविद्यालयाने नेमलाच नव्हता. सॉफ्टवेअर फुकट आहे, म्हणून माणसाचाही पगार वाचेल अशी कुणाची तरी समजूत होती. मुक्तस्रोत प्रणालीच्या परवान्याचे पैसे वाचतात ते सांभाळणाऱ्या माणसावर खर्च करायचे असतात. मी ज्या संस्थेत जातो तिथे हे सांगतो आणि इथेही सांगतो.

क्रॉन सुरू केला. भूगोलाच्या बाईंनी प्रश्न टाकला : तुमच्या गावात यंदा पहिला पाऊस कधी पडला, आणि तो पेरणीयोग्य आहे की नाही हे घरातल्या मोठ्यांनी कशावरून ठरवलं? वर्गात तोंड न उघडणाऱ्या मुलांनी लिहिलं. कुणी मोबाइलवर बोलून टाइप केलं होतं, त्यामुळे पूर्णविराम नव्हते. पण ओल किती खोल गेली ते बापाने मूठभर माती दाबून कसं पाहिलं, आजोबांनी नक्षत्र कोणतं सांगितलं, काळ्या रानाला आणि मुरमाड रानाला वेगवेगळा पाऊस का लागतो, हे सगळं तिथे आलं. मग एका मुलीने दुसऱ्या गावच्या मुलाला विचारलं, ‘तुमच्याकडे मग दुबार पेरणी झाली का?’ बाईंनी हा प्रश्न विचारला नव्हता. अभ्यासक्रमातही तो नव्हता.

आता कुणी म्हणेल, हे व्हॉट्सअ‍ॅपवरही झालं असतं. झालं असतं आणि महिन्याभरात शुभेच्छांखाली गाडलं गेलं असतं. (हशा) दुसरं कारण त्याहून मोठं आहे. वर्गाची जागा कुणाच्या मालकीची आहे, यावर सगळं अवलंबून असतं. इथे मला पेटंटची हकीकत सांगितली पाहिजे.

अमेरिकेत ब्लॅकबोर्ड नावाची कंपनी या धंद्यात सर्वांत मोठी होती. डुगियामास जी प्रणाली सांभाळायचा, ती वेबसीटी या कंपनीने २००६ च्या सुरुवातीला विकत घेतली. त्याच वर्षी तिला एक पेटंट मिळालं. त्याचा गाभा होता, एकच माणूस वेगवेगळ्या अभ्यासक्रमांत वेगवेगळ्या भूमिकांत असू शकतो. म्हणजे इथे तो शिक्षक आणि तिथे विद्यार्थी. मित्रहो, ही कल्पना एका कंपनीची मालमत्ता ठरली होती! जुलैमध्ये तिने कॅनडातल्या डिझायरटूलर्न या लहान स्पर्धकावर टेक्सासमध्ये दावा ठोकला. जगभरचे शिक्षक आणि प्रोग्रामर खवळले. मूडल, साकाई आणि एट्यूटर या मुक्त प्रकल्पांच्या वतीने सॉफ्टवेअर फ्रीडम लॉ सेंटरने पेटंटच्या फेरतपासणीचा अर्ज केला. लोकांनी जुन्या प्रणालींचे दाखले शोधून काढून विकिपीडियावर मांडले, की ही कल्पना आधीपासून वापरात होती. मुक्तस्रोत प्रकल्पांवर पेटंट चालवणार नाही असं वचन कंपनीला २००७ मध्ये द्यावं लागलं. तरी २००८ मध्ये ज्युरीने कंपनीच्या बाजूने एकतीस लाख डॉलरची भरपाई दिली, आणि अखेर जुलै २००९ मध्ये वरच्या न्यायालयाने त्या पेटंटमधले वादातले दावे रद्द ठरवले. या सगळ्याला तीन वर्षं लागली. आणि इकडे...

घंटा झाली. अध्यक्ष दहा मिनिटं म्हणताहेत. मग ओपन एडएक्सबद्दलची, आयआयटी मुंबईने त्यावर उभारलेल्या आयआयटीबॉम्बेएक्सबद्दलची आणि मराठीतसुद्धा धडे असलेल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाबद्दलची माझी टिपणं बाजूला ठेवतो. त्यांवर स्वतंत्र व्याख्यान व्हायला हवं. ‘दीक्षा’चं एवढंच सांगतो, की पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केल्यावर उघडणारं हे सरकारी व्यासपीठ सनबर्ड या मुक्तस्रोत पायावर उभं आहे.

मालकीचा मुद्दा तेवढा पूर्ण करतो. मी गूगलच्या विरोधात नाही, टाळेबंदीत क्लासरूमने अनेकांना सावरलं हे मला मान्य आहे. पण शैक्षणिक संस्थांना दिलेली अमर्याद साठवण त्या कंपनीने २०२१ मध्ये मागे घेत असल्याचं जाहीर केलं, आणि संपूर्ण संस्थेला मिळून १०० टेराबाइटची मर्यादा घातली. निर्णय त्यांचा होता आणि तो घ्यायचा त्यांना अधिकार होता. तुमच्या संस्थेला कुणी विचारलं नाही. मूडलमध्ये पूर्ण अभ्यासक्रम, चर्चेसकट, एका फाइलमध्ये बांधून दुसऱ्या सर्व्हरवर तसाच उघडता येतो. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने २००५ मध्ये मूडल निवडलं, ते लाखो विद्यार्थ्यांचं विद्यापीठ आहे. आपलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून पुस्तिका आणि अभ्यासकेंद्रांतून नोकरदार, गृहिणी, शेतकरी यांच्यापर्यंत पोचलं आहे. अशा विद्यार्थ्याला धडा मिळतो. त्याला मिळत नाही ते सहाध्यायी. या खुल्या प्रणालींनी भरून काढायची उणीव ती आहे.

संस्थाचालक इथे बसले आहेत, त्यांना माझी विनंती : या वर्षीच्या अंदाजपत्रकात प्रणाली सांभाळणाऱ्या एका माणसाचं पद धरा, पूर्ण पगाराचं. आणि शिक्षकांना विनंती : सोमवारी आपल्या एका अभ्यासक्रमात एक चर्चा उघडा. ‘उत्तर दिल्याशिवाय इतरांचं दिसणार नाही’ तो प्रकार निवडा. ज्याचं उत्तर पुस्तकात नाही पण मुलांच्या घरात आहे असा प्रश्न विचारा, आणि पहिले चार दिवस स्वतः काही लिहू नका.

उरलेला वेळ तुमचा आहे. माइक मागच्या रांगेपासून फिरवा, विद्यार्थ्यांनी आधी विचारावं.